चिंधी बांधलेला पालक

"पाण्याला उकळी फुटल्याशिवाय देठ मोडू नये," असं ती म्हणायची. पालक खुडायचा असो, कुणाचं लग्न ठरत असो की दोघांचं भांडण जुंपलेलं असो, तिचं तोंडी लावणं हेच. आम्हाला ते पाठ होतं आणि नकोसं झालं होतं.

लाकडाच्या वखारीत ती आमचा स्वयंपाक करायची. आम्ही अठराजण. करवतीच्या शेडमागे पत्र्याची एक खोली, आत दोन चुली, एक लांब बाक. खोलीच्या भिंतीला लागून बारा पावलं लांब आणि चार पावलं रुंद अशी जमिनीची एक पट्टी होती. तिथे कधीकाळी करवतीचे गंजलेले पट्टे नि फुटके डबे पडलेले असत. तिने ते एकटीने उचलले, चुलीची राख, कुजलेला भुसा आणि भांड्यांचं खरकटं पाणी मातीला पाजलं. तीन वर्षांत त्या काळ्या ढेकळांतून पालक, शेपू, कांद्याची पात आणि घेवडा उठला. कडेला पुदिना असा माजला की करवतीच्या आवाजातही त्याचा वास यायचा.

आमची आणि तिची गोडी कधी जमली नाही, हे आधीच सांगून टाकतो. जिभेला हाड नव्हतं तिच्या. शेपू बाजूला सारणाऱ्याला ती म्हणायची, "दिवसभर भुसा गिळतोस तो चालतो का रे?" मीठ मागितलं तर मिठाचा अख्खा डबा ताटात आदळायची. पाठीमागे आम्ही तिला विळा म्हणत असू. तोंडावर मात्र सगळे काकू.

तिची रीत एकच होती. चुलीवर पाणी ठेवायचं, त्याला खळखळून उकळी येऊ द्यायची, मग टोपली घेऊन मागे जायचं. पानं खुडली की धुवून तशीच पाण्यात. वर ठेचलेला लसूण, मीठ, शेवटी मूठभर पुदिना. बाजूला डाळ आणि भात. एवढंच. पण त्या पाल्याचा रंग ताटात पडल्यावरही हिरवागार असे आणि चव अशी, की शिव्या देणारा माणूस शिव्या देत देत दुसऱ्यांदा वाढून घेई. फक्त जेवण घंटेला कधी तयार नसायचं. दहा मिनिटं उशीर ठरलेला. भुकेल्या माणसाला दहा मिनिटं फार असतात. मालकाकडे तक्रार गेली. ती नेणाऱ्यांत मीही होतो.

भांडी घासायला तिची धाकटी जाऊ होती. तिला कामावर लावलं होतं ते काकूनेच. बाई गोल, हसतमुख, मालकाशी गोड बोलणारी. थोरलीला विळा म्हटल्यावर धाकटीचं नाव आम्हाला शोधावं लागलं नाही. दोघींचं सख्यही नावाला साजेसंच. सहा वर्षांपूर्वी चार पाहुण्यांसमोर धाकटी म्हणाली होती की, आमच्या जाऊबाई गवत उकडतात आणि त्याला भाजी म्हणतात. तेव्हापासून एका खोलीत राबूनही दोघी एकमेकींशी सरळ बोलत नव्हत्या. बोलायचं ते भांड्यांशी. थोरली म्हणायची, "पातेल्या, तुझ्या बुडाला कालचं करपलेलं तसंच आहे, सांग कुणाला दिसत असेल तर." धाकटी ताटाला सांगायची, "ताटा, तुझं नशीब, तू बहिरं आहेस."

तक्रार गेल्यावर धाकटीने मालकाला सांगितलं की, मी घंटेला जेवण देऊन दाखवते, भाजी आदल्या संध्याकाळी खुडून, चिरून ठेवली की झालं. मालकाचं लक्ष घड्याळाकडे. त्याने सोमवार धाकटीला दिला. जेवण वेळेवर झालं तर चूल तिची, आणि काकूने भांडी घासायची. काकूला हे सांगितलं तेव्हा ती वाफ्यात होती. तिने फक्त पुदिन्याचं एक पिवळं पान काढून टाकलं.

पट्टीच्या पार टोकाला पालकाची एक ओळ होती. त्या ओळीतल्या प्रत्येक रोपाला तांबडी चिंधी बांधलेली. सगळ्या पट्टीत तीच रोपं उंच, तीच दांडगी. त्यांचं एक पानही काकूने कधी आमच्या ताटात पडू दिलं नव्हतं. धाकटीच्या मनात ते केव्हापासून सलत होतं. चांगलं तेवढं ही घरी नेते आणि उरलेलं खुरटं माणसांना उकडून घालते, असं ती आम्हाला खालच्या आवाजात सांगायची, आणि आम्ही माना डोलवायचो.

रविवारी संध्याकाळी धाकटी आली आणि सगळ्यांत आधी तीच ओळ तिने मुळासकट उपटली. चिंध्या सोडून चुलीत घातल्या. मग इतर वाफ्यांतला पाला खुडला, सगळं एकत्र चिरलं आणि ओल्या पोत्यात बांधून ठेवलं.

सोमवारी काकूला बाकावर बसवलं होतं. घंटा झाली आणि त्याच क्षणी ताटं मांडली गेली. मालक दारात येऊन उभा राहिला, घड्याळ पाहिलं, हसला. आम्ही घास घेतला. पाला कडू होता. देठ दोरीसारखे दातांत अडकत होते. तक्रार करून बसलेल्या माणसाला पुन्हा तक्रार करायला तोंड राहत नाही. मान खाली घालून आम्ही गिळत राहिलो.

मालक म्हणाला, "झालं तर मग. उद्यापासून चूल हिची," आणि गेला.

काकू उठून मागे गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात अर्धवट जळालेली एक चिंधी होती, राखेच्या ढिगात सापडलेली. सहा वर्षांत पहिल्यांदा तिने जावेकडे पाहून विचारलं, "ही कशाला बांधली होती, माहीत होतं तुला?"

"माहीत नसायला काय झालं? चांगलं तेवढं घरी जात होतं. आम्हाला काय डोळे नाहीत?"

"ते बी होतं."

धाकटीचा हात ताटावर थांबला.

"माझ्या आईने पुरचुंडीत बांधून दिलेलं," काकू म्हणाली. "दरवर्षी एक ओळ राखायची, पान तोडायचं नाही, बी धरू द्यायचं. तसला पाला कडूच होतो. मागचं होतं तेवढं सगळं पेरलं होतं. आता नाही."

"मग सांगायचं होतं की."

"कुणाला? पातेल्याला?"

धाकटी तोंड फिरवून ताट घासू लागली. माफीबिफी कुणी मागितली नाही, तिनेही नाही आणि आम्हीही नाही.

काकूने मोठं पातेलं चुलीवर चढवलं. पाणी भरलं. आम्हाला वाटलं, सवयीने चहा टाकते आहे. ती चुलीजवळ उभी राहिली, हात बांधून, नेहमीसारखी पाण्याकडे पाहत. आधी तळाशी बारीक बुडबुडे धरले, मग कडेने वाफ सुटली, मग सगळं पातेलं खदखदू लागलं. तेव्हा ती मागे गेली. पुदिन्याचा एक गड्डा मातीसकट उपसून तिने ओल्या फडक्यात बांधला. परत येऊन तपेली उचलली.

पहिली तपेली तिने पालकावर ओतली. दुसरी शेपूवर. मग पात, मग घेवड्याच्या मुळाशी. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, घाई न करता, ताटात वाढावं तशी. उरलेल्या पुदिन्यावर पाणी पडलं तेव्हा असा वास उठला की करवतीवरचा माणूसही वळून पाहू लागला. मी उठून दोन पावलं पुढे गेलो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी तिथेच थांबलो.

पातेलं रिकामं झालं. ते तिने जावेपुढे, घासायच्या ढिगावर पालथं ठेवलं. फडकं काखेत मारलं आणि फाटकाकडे चालू लागली. जमिनीच्या पट्टीवरून अजून वाफ निघत होती. धाकटी मागच्या दारात उभी होती, कोपरापर्यंत राखेने माखलेले हात पुढे धरून. मालक कचेरीच्या खिडकीतून पाहत होता. मी बाकापाशी. ओंडक्यांच्या थप्पीला वळसा घालताना तिने एकदा गड्डा खालीवर चाचपला, माती सांडत नाही ना ते पाहिलं, आणि थप्पीआड गेली.