डब्यात काय आहे ते विचारणारा माणूस

श्रीधर मोहिले गेल्याची बातमी आली तेव्हा मी गॅरेजमध्ये गाडीखाली झोपून इंजिनचं जुनं तेल काढत होतो. बायको दारात येऊन म्हणाली, "सुलभाचा फोन होता. श्रीधर गेला... बर्फ काढता काढता पडला म्हणे." मी बराच वेळ गाडीखालून बाहेरच आलो नाही. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. मध्यंतरी टाउन हॉलमध्ये शोकसभा झाली. आमच्या गावच्या कारभाराचे मुख्य साहेब उठले, श्रीधर हा पर्यावरणाचा खरा मित्र होता असं म्हणाले आणि त्याच्या बायकोच्या, सुलभावहिनींच्या हातात त्यांनी एक पितळी पाटी दिली. मी तिथे बसून दातओठ खात होतो. दोन वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये, याच माणसाने, मिस्टर मोहिलेंची टेस्ट कुचकामी आहे असं सगळ्या गावासमोर सांगितलं होतं. मेलेल्या माणसाचं कौतुक करायला काय जातं? पण संतापायचा मला तरी किती अधिकार आहे, ते आता सांगायलाच हवं. त्यासाठीच हे लिहितो आहे.

श्रीधर सांगलीचा, मी नागपूरचा. सत्तरच्या दशकात आम्ही एकाच वर्षी इकडे अमेरिकेत आलो आणि श्रूजबरीच्या आसपासच्या एका लहान गावात शेजारी झालो. तो वायरच्या कारखान्यात केमिस्ट होता. गाडीचं तेल घरीच बदलायचं ही आमच्या सगळ्या मराठी मंडळींची सवय. दुकानात जाऊन पैसे कशाला घालवायचे? पण काढलेलं काळं तेल जायचं कुठे, हे कोणी कोणाला विचारत नसे. मी ते रस्त्याकडेच्या गटारात ओतत असे. एकदा श्रीधरने पाहिलं आणि माझी अशी काही खरडपट्टी काढली की आमचं जवळजवळ आठवडाभर बोलणं बंद होतं. हे गटार तळ्यात जातं आणि तळ्याशेजारी आपल्या पाण्याच्या विहिरी आहेत, तुझ्या पोरी तेच पाणी पितात, असं तो म्हणाला होता. मग त्याने टाउन हॉलचे उंबरे झिजवले आणि ऐंशी साल उलटल्यावर कधीतरी गावाच्या यार्डात जुन्या तेलाची टाकी बसवून घेतली. लोकांनी तेल आणून द्यायचं, एक कंपनी ते घेऊन जाणार आणि कारखान्यांच्या बॉयलरमध्ये ते जळणार, अशी योजना होती.

फीत कापायला साहेब हजर होते, फोटोही निघाले. पण टाकीपाशी एक माणूस उभा करा, असं श्रीधर म्हणाला तेव्हा कोणालाच ते पटेना. लोक शहाणे आहेत, बोर्ड वाचतील, असं उत्तर मिळालं. लोक शहाणे असतातच, पण घाईतही असतात. तेलाच्या डब्यातच उरलेला थिनर ओततात, ग्रीस काढायचं सॉल्व्हंट ओततात, झुरळांचं औषधसुद्धा ओततात. असा एक डबा टाकीत गेला की सगळी टाकी विषारी होते, आणि तेच तेल बॉयलरमध्ये जळलं तर धूर शेवटी आपल्याच नाकात येणार. हे सांगून सांगून श्रीधर थकला आणि मग स्वतःच दर शनिवारी तिथे उभा राहायला लागला. तीन हिवाळे उभा राहिला. एका पैची अपेक्षा नाही. कारखान्यातून आणलेली तांब्याची तार तो छोट्या गॅसच्या ज्योतीत लाल करायचा, आणलेल्या तेलात बुडवायचा आणि पुन्हा ज्योतीत धरायचा. ज्योत हिरवी झाली म्हणजे तेलात क्लोरीनचं काहीतरी विषारी मिसळलेलं आहे, डबा परत. ब्लीचमध्येही क्लोरीन, म्हणून ब्लीचच्या रिकाम्या बाटलीत कोणी तेल आणलं तर तेही परत. आणि तार तापवायच्या आधी प्रत्येकाला एकच प्रश्न, यात काय काय आहे? फायर चीफ असो की चर्चचे पाद्री, सुटका नाही. आमच्या मराठी मंडळात त्याची यथेच्छ टिंगल व्हायची. गणपतीच्या प्रसादाचं पातेलं पुढे करून, श्रीधर, आधी तार घालून बघ रे, असं मीच एकदा म्हणालो होतो. तोही हसला होता.

मग त्याच्या आईचं ऑपरेशन ठरलं आणि त्याला तीन आठवडे सांगलीला जावं लागलं. एअरपोर्टला मीच त्याला गाडीने सोडायला निघालो होतो. तार आणि गॅसचा दिवा त्याने रुमालात बांधून माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाला, "हे बघ, टेस्ट सोपी आहे यार, कोणीही करेल. विचारणं अवघड असतं. कोणाची भीड धरू नकोस."

पहिले दोन शनिवार मी चोख काम केलं. अमेरिकन माणसाला विचारायला मला काहीच वाटत नव्हतं. तिसऱ्या शनिवारी डॉक्टरकाका आले. आमच्या भागातले सगळ्यांत आधी आलेले मराठी गृहस्थ, माझ्या दोन्ही मुलींच्या जन्माच्या वेळी हॉस्पिटलात उभे राहिलेले. सत्तरीच्या घरातला माणूस पाच गॅलनचा डबा डिकीतून ओढत होता. मी धावलो, डबा त्यांच्या हातातून घेतला, "काका, तुम्ही कशाला त्रास घेतलात, फोन करायचा," असं म्हणालो आणि सरळ टाकीत ओतला. विचारलं नाही. तारही तापवली नाही. ज्यांच्या पाया पडतो त्यांच्या डब्याची झडती कशी घ्यायची? माझ्या मनात तेव्हा एवढंच आलं. भीड भिकेची बहीण हे लहानपणापासून ऐकलेलं, पण त्या दिवशी भीक माझ्या वाट्याला आली नाही, श्रीधरच्या आली.

पुढच्या आठवड्यात कंपनीचा ट्रक आला, त्यांनी नमुना तपासला आणि तेल न घेताच निघून गेले. टाकीत सॉल्व्हंट होतं. श्रीधर परत आला तो तडक माझ्याकडे. त्याने विचारलं, "सगळे डबे तपासलेस ना?" आणि मी म्हणालो, "हो, सगळे." दोनच शब्द... का म्हणालो? डॉक्टरकाकांचं नाव यायला नको म्हणून, अशी मी माझी समजूत घातली होती. खरं म्हणजे मला माझी लाज वाटत होती.

गावाने सभा बोलावली. श्रीधर उभा राहिला आणि म्हणाला की त्या आठवड्यांत माझा मित्र टाकीवर होता, त्याने प्रत्येक डबा तपासला आहे, त्याची खात्री मी देतो. साहेबांना आयतंच कोलीत मिळालं. प्रत्येक डबा तपासूनही टाकी नासत असेल तर ही टेस्ट कुचकामी आहे, असं म्हणून त्यांनी योजना बंद केली. पगारी माणूस नको, कुलूप नको, कटकट नको... त्यांना तेच हवं होतं. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. टाकी उचलून नेली आणि त्या वसंतात तळ्यावर पुन्हा तेलाचा रंगीत तवंग दिसायला लागला.

शोकसभेनंतर मला राहवेना. डॉक्टरकाकांच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. काठीच्या मुठीवर हात ठेवून म्हणाले, "तळघर साफ करताना जुन्या मालकाचे डबे सापडले होते, ग्रीस काढायचं काहीतरी. मीच ते तेलात मिसळलं. तू विचारलं असतंस तर मी सांगितलं नसतं का रे?"

तिथून मी सुलभावहिनींकडे गेलो. त्यांनाही सांगितलं. त्या मला तळघरात घेऊन गेल्या. त्या सभेनंतर श्रीधर संध्याकाळी तिथे जाऊन बसायचा हे मला ठाऊक होतं. टेबलावर छोट्या बाटल्या ओळीने लावलेल्या होत्या आणि शेजारी वही होती. चांगल्या तेलात थेंबाथेंबाने सॉल्व्हंट मिसळून त्याने पुन्हा पुन्हा तार तापवून पाहिली होती. पान उलटावं तिथे त्याच्या बारीक अक्षरात हिरवी, हिरवी, हिरवी. शेवटच्या पानावर एकच ओळ होती. "टेस्ट बरोबर आहे." खाली तारीख होती, सभेनंतर महिन्याभरातली.

म्हणजे गेली दोन वर्षं त्याला कळलेलं होतं. टेस्ट बरोबर, तर मग खोटं कोण बोललं, हे शोधून काढायला केमिस्ट लागत नाही. या दोन वर्षांत तो दर रविवारी आमच्याकडे चहाला येत होता, माझ्या समोरच्या खुर्चीत बसत होता. फायर चीफला आणि पाद्र्याला न भिता विचारणाऱ्या श्रीधरने मला मात्र एकदाही विचारलं नाही.