प्लेटा तुम्ही आणा

टीचरनं माझा डबा दोन बोटांनी उचलला.

झाकण उघडलं नाही, आत काय आहे ते विचारलं नाही. टेबलावर पावभाजी होती, ढोकळा होता, कुणाच्या तरी घरची मिसळ होती, मधोमध केक. त्या सगळ्यांतून माझा स्टीलचा डबा तिनं अलगद बाहेर काढला आणि दाराशी उभ्या असलेल्या झाडूवाल्या मावशीच्या हातात दिला. म्हणली, "हे तुम्ही लोक खाऊन घ्या. मुलांना मसालेदार सोसत नाही."

मिसळीवर लालभडक तर्री तरंगत होती.

माझी लेक प्रज्ञा तिथंच होती. नवा फ्रॉक, दोन वेण्या. तिनं डब्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. रडली नाही. आता मम्मी काय करती, एवढंच बघत राहिली. ते बघणं मला सोसलं नाही.

चौथीचा निरोप समारंभ होता. शाळा आठवीपर्यंतच आहे, पण चौथी झाली की प्रायमरी संपली म्हणून मोठा कार्यक्रम करतात. फुगे, गाणी, मायबाप, आणि घरून आणलेलं खाणं. प्रत्येकानं आपल्या घरचं काहीतरी करून आणायचं आणि सगळ्यांनी मिळून खायचं. दरवर्षी परीक्षा झाली की वर्गात हे असतंच. चौथीचं जरा थाटात.

आता मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगते. नवरा रिक्षा चालवतो. तो म्हणतो, तुला दुधात पाणीच दिसतं. म्हणलं, असतं म्हणून दिसतं. मी वाळूजला कंपनीत पॅकिंगला आहे. तिथं सुपरवायझर गोड आवाजात ताई म्हणला की समजायचं, आज सुट्टी वेळेवर होत नाही. गोड बोलणं मला पचत नाही. त्या शाळेत तर सगळेच गोड बोलतात.

आरटीईच्या मोफत जागेवर प्रज्ञाचा नंबर लागला तेव्हा आमच्या पडेगावच्या गल्लीत पेढे वाटले होते. चारही वर्षं हीच टीचर. पहिल्या दिवशी तिनं आडनाव विचारलं. सांगितलं. मग विचारलं, मूळ गाव कोणतं. तेही सांगितलं. मग हसून म्हणली, "अगं बाई, आमच्या माहेराजवळच की. गावात कोणत्या बाजूला राहायचे तुम्ही?"

कोणत्या बाजूला. हा प्रश्न आमच्या माणसाला लगेच कळतो. गाव सोडून दोन पिढ्या झाल्या, तरी ती बाजू काही आमचा पिच्छा सोडत नाही. मी म्हणलं, "घर पडलं बगा ते, आता काय सांगू." ती अजून हसली. तिला पाहिजे ते कळलं होतं.

पहिलीच्या शेवटाला प्रज्ञा घरी आली, म्हणली, मम्मी, आपल्याला पेपर नॅपकिन आणायचेत. आणले. दुसरीत म्हणली, ग्लास. तिसरीत चमचे. दरवेळी टीचर गेटवर भेटायची आणि म्हणायची, "ताई, तुम्हाला शिफ्ट असते, कुठं चुलीपाशी बसता, म्हणून सोपं सांगितलं हं." मला वाटायचं, बरी आहे बाई. काळजी करती.

यंदा पोरगी तोंड पाडून आली. जेवेना. मी म्हणलं, काय झालं, पेपर अवघड गेला का? म्हणली, नाही. मग सांगितलं.

टीचरनं वर्गात विचारलं होतं, कोण काय आणणार. पोरं ओरडत होती, पावभाजी, इडली, गुलाबजाम. हिनं हात वर केला, म्हणली, "माझी मम्मी धपाटे लई भारी करती." टीचर म्हणली, "नको बाळा, प्लेटा तुम्ही आणा." मागून एक पोरगा म्हणला, टीचर, मला धपाटे आवडतात. तर त्याला म्हणली, "तुझ्या आजीला सांगू आपण करायला."

म्हणजे धपाटे चालत होते.

पोरगी मला विचारती, "मम्मी, आपले धपाटे चांगले नसतात का?"

काय सांगू तिला? म्हणलं, झोप आता.

दुसऱ्या दिवशी शिफ्टच्या बसमधून उतरले आणि चौकातल्या दुकानात प्लेटा घ्यायला गेले. दुकानदारानं पाकीट समोर टाकलं. वरून प्लॅस्टिक, चारी बाजूंनी चिकटवलेलं. मी ते हातात घेऊन उभी राहिले, आणि तिथंच डोक्यात काहीतरी खटकन बसलं. नॅपकिन दुकानातले. ग्लास दुकानातले. चमचे दुकानातले, ह्या प्लेटाही. सगळं पाकीटबंद. माझ्या चुलीवरून, माझ्या हाताखालून जाईल असं काही एकदाही सांगितलं नव्हतं. दुकानदार म्हणला, "ताई, अजून काय?" मी पैसे ठेवले आणि निघाले.

तरी मी स्वतःलाच समजावलं. म्हणलं, तुझा स्वभावच तसा. असेल योगायोग. घरी येऊन अल्फियाच्या अम्मीला फोन लावला. अल्फिया प्रज्ञाच्याच वर्गात आहे, तीही आरटीईतलीच. तिचे अब्बा सिटी चौकाकडं शिलाईचं दुकान चालवतात. मी विचारलं, तुम्हाला काय आणायला सांगितलं?

ती म्हणली, "मेरे कू तो हर साल पानी का जार बोलते. मैं बोली बिर्यानी लाती, व्हेज बनाती, तो बोले नक्को नक्को, आपको तकलीफ होती."

मी म्हणलं, "मला बी तकलीफच व्हती म्हणे."

दोघी हसलो.  मग ती म्हणली, "जाने दो बाजी. बच्चियोंको पढ़ने दो." तिचं खोटं नव्हतं. तिला भीती होती आणि भीती मलाही होती. आरटीईची पोरगी म्हणजे शाळेच्या तोंडी कायम फुकटची पोरगी. उद्या पेपरात मार्क कमी केले, वर्गात कोपऱ्यात बसवली, तर कुणाला सांगणार?

नवरा म्हणला, "नसती कटकट कशाला? जा, हसून ये."

मी पहाटे उठले. ज्वारीचं पीठ, बेसन, थोडं गव्हाचं. लसूण, तीळ, ओवा, कोथिंबीर. मिरची मुद्दाम कमी टाकली, लेकरं खाणार म्हणून. प्रज्ञा उठून शेजारी बसली, ओल्या फडक्यावर थापायला लागली. तिचे वाकडेतिकडे व्हायचे. मी तेही भाजले आणि डब्यात सगळ्यांत वर तिचेच ठेवले. प्लेटांचं पाकीटही पिशवीत टाकलं. सांगितलेलं आणलं नाही असं म्हणायला कुणाला जागा नको होती.

तर असा तो डबा. दोन बोटांनी उचलून दाराशी गेलेला.

प्लेटा मात्र टीचरनं लगेच फोडल्या. "वा, छान आणल्या हं प्रज्ञा!"

मी भिंतीला टेकून उभी राहिले. भिंतीवर पोरांनी आठवणींचं झाड केलं होतं. हिरव्या कागदाची पानं, प्रत्येक पानावर नाव आणि वर्षातली एक आठवण. मी प्रज्ञाचं पान शोधलं. खाली सापडलं, कपाटाच्या आडोशाला. मुद्दाम तिथं लावलं असेल का? की तिचा हात तिथंच पोचला? मला खरंच कळेना. एकदा संशय लागला की तो कागदाच्या पानालाही लागतो. माणसाचा असा जीव करून ठेवतात हे लोक.

टेबलाशी सगळ्या आया आपापल्या पदार्थाचं सांगत होत्या. मावशी दारात डबा घेऊन तशीच ताटकळलेली. तिलाही कळत नव्हतं, ठेवू कुठं.

तेवढ्यात प्रिन्सिपल मॅडम आल्या. मागं एक माणूस मोबाईल स्टँडला लावून शूटिंग करत होता. नव्या ॲडमिशनसाठी शाळेचा व्हिडिओ बनवायचा होता. दोन-तीन पालक बोलले. शाळा म्हणजे घर, टीचर म्हणजे दुसरी आई. मग प्रिन्सिपल मॅडम सरळ माझ्याकडं आल्या, खांद्यावर हात ठेवला. चार वर्षांत पहिल्यांदा. म्हणल्या, "ताई, तुम्ही बोला ना. तुमच्यासारख्या पालकांनी बोललं की लोकांना पटतं. इथं सगळे समान आहेत, एवढंच सांगा. चार वर्षांची एखादी गोड आठवण."

माईक माझ्या हातात. समोर मोबाईलचा डोळा. प्रज्ञा माझ्याकडं बघती.

 हसून दोन शब्द बोलले असते तर सुटले असते. पण मला दिसलं, माझी लेकही हसायच्या तयारीत आहे. मी हसले की तीही हसणार होती. मग जन्मभर हसत राहिली असती, कुणी काहीही केलं तरी.

मी म्हणलं, "आठवण सांगते. पहिलीत माझ्या लेकीला नॅपकिन आणायला सांगितले. दुसरीत ग्लास. तिसरीत चमचे. औंदा प्लेटा. आज मी घरून धपाटे आणले, ते टीचरनं मावशीला देऊन टाकले. चार वर्षांत आमच्या घरचा एक घास ह्या टेबलावर आला नाय. कामून, तेवढं टीचरनं सांगावं. मग मी सगळे समान म्हणते."

शूटिंगवाल्यानं मोबाईल खाली केला.

टीचर लाल झाली. "अहो, तुमचा गैरसमज झालाय. तुमची शिफ्ट असते, म्हणून मी..."

"मला त्रास हाय का, हे तुम्ही मला कधी इचारलं?"

"मसालेदार होतं ते."

"तुम्ही झाकण उघडलं नाय, मॅडम."

 कडेला उभी असलेली एक आई, जिच्या मिस्टरांची गावाकडं मोठी शेती आहे आणि इकडं मोठी गाडी आहे, ती हळू आवाजात म्हणली, "लेकरांच्या कार्यक्रमात कशाला जातीपाती काढायच्या?"

मी तर जातीचा शब्दही काढला नव्हता. तो तिच्याच तोंडून आला. मी फक्त नॅपकिन आणि ग्लास म्हणले होते, आणि तिला बरोब्बर कळलं होतं मी कशाबद्दल बोलतेय. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. चार वर्षं सगळ्यांनाच ठाऊक होतं आणि योगायोग फक्त मी एकटी समजत बसले होते. अंगाचा नुसता जाळ झाला.

मी दाराशी गेले, मावशीच्या हातातून डबा घेतला. ती पुटपुटली, "घ्या बाई, बरं केलं." केक सरकवून मी डबा मधोमध ठेवला आणि झाकण काढलं.

प्रिन्सिपल मॅडम टाळ्या वाजवत पुढं आल्या. "अरे वा, धपाटे! चला चला, सगळ्यांनी घ्या!" शूटिंगवाल्याला खूण केली. त्यानं मोबाईल वर केला, तेव्हा कुठं त्यांनी एक तुकडा तोडला आणि कॅमेऱ्याकडं बघत तोंडात टाकला. आणखी दोघा-तिघांनी घेतला, तेही तसंच. धपाटे आवडणारा तो पोरगा पुढं आला, तर त्याच्या आईनं दंड धरून मागं ओढला. अल्फियाच्या अम्मीनं मात्र दोन घेतले, एक पोरीला दिला, एक स्वतः खाल्ला. कॅमेऱ्याकडं पाठ करून.

लोकांना वाटलं असेल, झालं, मिटलं. माझं काही मिटलं नाही. कॅमेरा चालू झाल्यावर खाल्लेला घास मी धरत नाही.

नवरा रिक्षा घेऊन न्यायला आला होता. पडेगावचा फाटा आला तेव्हा प्रज्ञा म्हणली, "मम्मी, आता मला सगळे चिडवतील का?"

खोटं बोलणार होते. नाही बोलले. म्हणलं, "व्हय. चिडवतील थोडे दिवस."

"मग?"

"मग मला सांगायचं. गप बसायचं नाय."

तिनं मान हलवली. नवरा आरशातून बघत होता. घरी आल्यावर डब्यात राहिलेले सगळे धपाटे त्यानं उभ्या उभ्या संपवले.

आठवड्यानं शाळेतून फोन. प्रिन्सिपल मॅडम. आवाज मधासारखा. म्हणल्या, "ताई, झालं गेलं विसरू. पण मी मुलीच्या भल्यासाठी सांगते. पाचवीपासून अभ्यास अवघड होतो, वातावरणही तिला थोडं जड जाईल आता. तुमच्या भागात मराठी शाळा चांगली आहे. दाखला तयार ठेवायला सांगू का?"

भल्यासाठी. जड जाईल म्हणून. पुन्हा माझ्याच त्रासाची काळजी.

मी म्हणलं, "दाखला नको. मराठी शाळा चांगलीच हाय, मीबी तिथंच शिकले. पण माझ्या लेकीची जागा तुमच्या शाळेत हाय, ती कायद्यानं हाय. आठवीपर्यंत."

त्या म्हणल्या, "आम्ही काही उपकार म्हणून नाही करत हो."

म्हणलं, "तेच म्हणते मी. म्हणून आभार मानत नाय." आणि फोन ठेवला.

 भीती गेलेली नाही, हेही सांगते. जूनमध्ये काय होईल ठाऊक नाही. टीचर नवी असेल, गोड बोलेल, आडनाव विचारेल, गाव विचारेल. विचारू दे. ह्या वेळी घर पडलं म्हणून सांगणार नाही. आम्ही गावाच्या कोणत्या बाजूला राहायचो ते तोंडावर सांगेन, आणि तुम्ही आम्हाला त्या बाजूला कामून ठेवलं होतं, हे तिथल्या तिथं विचारेन. उत्तर मिळेपर्यंत वर्गाच्या दारातून हलणार नाही.