माझा नंबर आणि सुरगाण्याचे बाबा

माझ्यावर अन्याय झाला. गेल्या नवरात्रात, घटस्थापनेच्या सकाळी, नाशिकच्या एका सरकारी दवाखान्यात, ऑपरेशन थिएटरच्या दारात. पोटात पाण्याचा थेंब नाही, अंगात हिरवा झगा, स्ट्रेचरवर आडवा पडलेलो, आणि सिस्टरनं मला तसंच वॉर्डात परत पाठवलं. माझ्या जागी दुसऱ्याला आत नेलं.

दुखणं काय होतं ते सरळ सांगतो, कारण पुरुष ते सांगत नाहीत. सिन्नरच्या कारखान्यांच्या गेटवर आम्ही कंत्राटी कामगारांसाठी पत्रकं वाटतो, सभा घेतो. अशाच एका सभेत लोखंडी कठड्यावर उभा राहून बोलताना माझा पाय घसरला आणि त्याच कठड्यावर दोन्हीकडे पाय टाकून मी आपटलो. लघवीचा मार्ग आत फाटला, आणि जखम भरता भरता आक्रसून गेला. दुर्बिणीतून दोनदा कापून मोकळा केला, दोनदा पुन्हा बंद झाला. शेवटी ओटीपोटाला भोक पाडून रबरी नळी बसवली, मांडीला पिशवी बांधली. त्या पिशवीसकट मी भाषणं केली. पण खरं सांगू? त्या महिन्यांत मी बंगलेवाल्यांचा हेवा केला नाही, भिंतीकडे तोंड करून उभ्या राहणाऱ्या माणसांचा केला. सभांना जाताना आमच्या जीपचा ड्रायव्हर रस्त्याकडेला गाडी लावायचा, गुणगुणत झुडपाआड जायचा, आणि इकडे माझा जळफळाट व्हायचा. याला कशी फुकटात मिळते धार? यानं असं कोणतं पुण्य केलंय?

सप्तशृंगी आमची कुलदेवी. आई तिच्यापुढे हात जोडून गप्प बसते. मला ते जमत नाही, मी तिला मागणीपत्रकच दिलं म्हणा ना. मागणी एकच, ती विनाअट मान्य व्हावी. ऑपरेशनला नेमका घटस्थापनेचा दिवस मिळाला, तेव्हा वाटलं, झाली मान्य! म्हणून तर परत फिरवल्यावर मी वॉर्ड डोक्यावर घेतला.

"माझा नंबर पहिला होता! कुणाचा वशिला लागला?"

"हळू बोला," सिस्टर म्हणाल्या. "सुरगाण्याचे बाबा आहेत. प्रोस्टेटच्या गाठीतून रक्त येतंय, गुठळ्यांनी लघवी कोंडलीय, नळी पण जात नाहीये. तुमची पिशवी चालू आहे ना?"

"चालू आहे म्हणून आयुष्यभर चालवू का?"

आई म्हणाली, "अरे, जरा तोंड बंद ठेव की." मी ठेवलं नाही. सिस्टरांचं म्हणणं मला पटलं होतं, हे लिहितो. पटूनही राग उतरला नाही, हेही लिहितो. मी मनात देवीला म्हटलं, तुझ्याकडेसुद्धा मागच्या दारानं आत जाणारे निराळे आहेत तर.

बाबा माझ्याच शेजारच्या खाटेवर आले. ऑपरेशननंतर घातलेली त्यांची नळी निघाली त्या दिवशी ते भिंत धरत संडासात गेले, आणि सगळ्या वॉर्डानं कान लावला. आवाज आला. स्पष्ट, जोरदार. बाबा बाहेर आले ते हसतच. "घोडा मुतल्यागत!" त्यांनी जाहीर केलं. वॉर्ड खदखदून हसला, कुणी टाळ्या वाजवल्या. मी भिंतीकडे तोंड करून चादर डोक्यावर ओढली. तो आवाज माझा होता. माझ्या नंबरावर त्या माणसानं तो घेतला होता.

दुसऱ्या दिवशी बाहेरगावचे एक मोठे सर्जन तिथल्या डॉक्टरांना शिकवायला आले. त्यांनी माझे एक्सरे उजेडाला धरले. "दुर्बिणीनं दोनदा झालंय ना? मग तिसऱ्यांदा तेच कशाला? उघडून करू. गालाच्या आतली त्वचा काढून तिथं लावू." वॉर्डातले तरुण डॉक्टर नंतर मला म्हणाले, "त्या दिवशी तू आत गेला असतास, तर आम्ही दुर्बिणीनंच कापलं असतं. टिकलं असतं असं नाही सांगता येत." यावरून मला काही सिद्ध करायचं नाही. घडलं ते असं घडलं.

ऑपरेशन झालं. गालात टाके, तोंड सुजलेलं, जीभ हलवली तरी कळ. घोषणा देणारा माणूस पातळ पेज पीत मुका पडला. अशातच बाबांना सुट्टी मिळाली. ते माझ्या खाटेपाशी आले, आणि त्यांनी मला, वयानं त्यांच्या नातवाएवढ्या मला, हात जोडले.

"पोरा, सिस्टरबाईनं सांगलं मला. तुझा नंबर तू मला दिला. कोण देतं रं असं? सख्खा भाऊ नाय देत. म्या आता जाताना सप्तशृंगीच्या गडाखाली उतरतो. पायऱ्या नाय चढवत, खालूनच आईला तुझं नाव सांगतो."

मी दिला नव्हता! तो माझ्याकडून हिसकावून घेतला होता! हे सांगायला मी तोंड उघडलं, तर टाका ओढला आणि डोळ्यांत पाणी आलं. बाबांना ते पाणी भलतंच वाटलं. "रडू नको," म्हणाले, आणि खरबरीत तळवा माझ्या कपाळावर ठेवला. मला वाद घालता आला नाही. खुलासा काढता आला नाही. न दिलेल्या दानाचे आभार मी आडवा पडून घेतले, आणि आयुष्यात पहिल्यांदा देवीपुढे माझ्याकडे एकही मागणी नव्हती. फक्त आत कुठंतरी म्हटलं, आता दिला असं समज.

पुढे माझीही नळी निघाली. आई दाराबाहेर उभी होती. आधी आग झाली, मग थेंब, मग धार. दाराला कपाळ टेकवून मी रडलो. बाहेरून आईनं विचारलं, "झाली का रे?" मी आतून दारावर नुसती थाप मारली, तेव्हा तिला कळलं.

बाबांचा हेवा मला आजही वाटतो. त्यांच्या धारेचा नाही, माझ्याकडे माझी आहे. अनोळखी माणसानं आपल्यासाठी जागा सोडली असेल यावर त्यांचा किती सहज विश्वास बसला, त्याचा. गेटवर हक्क मारला जातो तिथं मी आजही भांडतो, भांडणार. पण दवाखान्याच्या ओळीत माझ्यामागे कुणी जास्त कण्हत असेल, तर ती लढाईच नाही, एवढं मला आईनं, म्हणजे गडावरच्या आईनं, तोंड शिवून शिकवलं.

आता तुम्ही. पुढच्या वेळी तुमच्यामागे असा माणूस दिसला, तर सिस्टरनं तुम्हाला बाजूला करायची वाट पाहू नका. स्वतः उठा आणि मोठ्यानं म्हणा, "बाबा, तुम्ही आधी जा."