मेसेज आला का?

पंचगंगा एक वेळ पात्र सोडेल, पण आमच्या मामांचं काम वेळ सोडणार नाही. मामा म्हणजे माझे मामेसासरे, बायकोचे सख्खे मामा. नदीकाठच्या दूध संस्थांचा डेटाबेस ते कोल्हापुरातल्या एका माडीवरच्या ऑफिसातून सांभाळायचे. त्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं शेड्यूलर बसवला होता. शेड्यूलर म्हणजे काय, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "जावईबापू, न सांगता कामाला लागणारा सालगडी!" दर तासाला तो नदीची पातळी तपासायचा आणि पाणी चढलं की गावोगाव मेसेज धाडायचा, जनावरं वर हलवा.

हे खूळ घरातही शिरलेलं. दोन जॉब, म्हणजे शेड्यूलरची कामं, एकाच वेळी भिडली की दोन्ही बंद पडतात, म्हणून मिक्सर चालू असताना मामींनी कुकर लावायचा नाही. पांढरा रस्सा संपल्याशिवाय तांबडा ताटात येत नसे. माझ्या लग्नात तर ऐन मंगलाष्टकात जॉब फत्ते झाल्याची सूचना त्यांच्या मोबाईलवर आली आणि मामा आनंदानं ओरडले, "झालं!" बँडवाल्यांनी लगेच वाजवायला घेतलं. भटजी अजून तिसऱ्या कडव्यावर होते.

एवढा भरवसा, तरी मेसेज गेला की मामा प्रत्येक गावाला फोन करायचेच. "मेसेज आला का?" मग गुडघे, नातवंडं, म्हशीचं वेत, सगळी चौकशी. मी थट्टा करायचो, "मग सालगडी कशाला ठेवलाय?" ते नुसते हसायचे.

एका पावसाळ्यात मामांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्याच दिवशी पाणी चढलं. मेसेज वेळेवर गेला, मी दवाखान्यात तसं सांगितलं. पट्टीआडून मामा म्हणाले, "शिरोळला फोन केलासा?" मी नंबर लावून मोबाईल त्यांच्या कानाशी धरला. तिथली दूध संस्था चालवणाऱ्या आक्कांचा आवाज खोलीभर घुमला, "मेसेज आलाय की! पर तुमचा फोन न्हाई, म्हणून म्हशी गोठ्यातच हायत."

"आक्का, आधी सोडा त्यास्नी!" मामा एवढ्यानं ओरडले की नर्स धावत आली. संध्याकाळी गोठ्यात पाणी शिरलं, तेव्हा म्हशी माळावर निवांत रवंथ करत होत्या.

आता मामा निवृत्त होऊन गारगोटीला लेकीकडं असतात. सालगडी इमानानं राबतोय. परवा आक्का भेटल्या. "मेसेज आला की हलतोय आम्ही आता. पर मामास्नी सांगा, पाणी नसलं तरी फोन करत जावा." मी निरोप पोचवला.

मामांनी लगेच मोबाईलवर गजर लावायला घेतला. "किती वाजता करू?"