टोचलेलं रगात

देवी टोचायची पेटी घेऊन मी महाड-पोलादपूरच्या वाड्यांवर बरीच वर्षं फिरलो. लोक मला 'देवीडाक्टर' म्हणत. पोरं हाती लागोत न लागोत, किस्सा मात्र हमखास लागायचा! घरी परतलो की बायको आधी विचारी, "आज काय झालं?"

*

एकदा वरंधला कुणीतरी उठवलं, की घाटात पूल बांधायचाय, त्याच्या पायात घालायला सरकार पोरांचं रक्त नेतंय. अख्ख्या गावाने दारं लावून घेतली. एक म्हातारी तेवढी ओट्यावर बसून होती.

"किती रगात काढता रे?"

"काढत नाही, आजी. नुसता ओरखडा. थेंबसुद्धा येत नाही!"

म्हातारी विचारात पडली. "मग एवढा पूल बांधनार कसा?"

*

माझा पट्टेवाला धोंडू अंगाने अगदी काडी. लोकांना धीर यावा म्हणून तो बाही वर करून स्वतःच्या दंडावरचे वण दाखवायचा. एका वाडीत एक बाई त्या दंडाकडे बघून शेजारणीला म्हणाली, "टोचल्यावर मानूस असा सुकतो काय गो?"

पुढच्या वाडीच्या वेशीवर धोंडू थांबला. "साहेब, आजपासून तुमचा दंड दाखवा. तुम्ही भरलेले हायसा!"

*

लस वासराच्या अंगावरची, हे पोलादपूरच्या एका बागायतदाराला कळलं. "नातू हंबरायला लागला तर?" म्हणून त्याने वाद घातला. शेवटी सुनेनेच पोर पुढे केलं.

पुढे बाजारात भेटला. मी भीतभीतच विचारलं, "नातू कसा आहे?"

"वाटीमागून वाटी दूध पितंय! आता माझ्या म्हाताऱ्या बापाला पन टोचा. काय खातच नाय!"

*

उमरठच्या तुकारामाचा किस्सा मात्र मी अजून सांगतो. तुकाराम मुंबईला गिरणीत. धाकटा भाऊ सखाराम गोदीत. दोघं शिमग्याला गावी आले, तेव्हा तुकारामाने टोचून घेतलं. सखाराम माळ्यावर लपला आणि तसाच मुंबईला गेला.

पुढे गोदीत सखारामाच्या पायावर पेटी पडली. रक्त फार गेलं. इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, भावाचं रक्त जुळतंय, द्यावं लागेल. तुकाराम उठला, तर खोलीवरच्या गाववाल्यांनी त्याला धरला.

"तुझ्या रगतात देवीची लस हाय! धाकट्याला देवी निघतील. मारतोस काय त्याला?"

तुकाराम मला सांगत होता, "नाय दिलं तर धाकटा जातो, दिलं तर मीच त्याला मारतो." शेवटी त्याने रडत रडतच डॉक्टरांना टोचल्याचं सांगितलं.

डॉक्टरांनी दंड पाहिला. "खपली केव्हाच पडलीय. ताप आहे?"

"नाय."

"मग झोप त्या खाटेवर. लवकर!"

सखाराम वाचला. लंगडत का होईना, पण भावाच्या खांद्यावर हात टाकून घरी आला. पुढच्या फेरीला मी उमरठला गेलो, तर या वेळी सखाराम लपला नाही. ओट्यावर ऐटीत बसून म्हणाला, "मला कशाला टोचता? दादाचं टोचलेलं रगात माझ्यात हाय की!"

"अरे, तसं नसतं..." मी समजवायला लागलो. एवढ्यात आतून त्याची आई आली. पोराचं मनगट पकडून तिने बाही खांद्यापर्यंत वर सारली.

"रगात दादाचं असंल, हात माझ्या पोराचा हाय. टोचा!"