शेवटचं कडवं

हुसेनबाबा मुलाणी बकऱ्याच्या मानेला हात लावायच्या आधी त्याचं नाव विचारत. नवस फेडायला आलेला माणूस गोंधळून जाई. चुलीवर आधण ठेवलेलं, पाहुणे खोळंबलेले, आणि हा पिकल्या दाढीचा माणूस सुरी मांडीखाली दाबून निवांत विचारतोय, "ह्याला घरात काय म्हनत व्हता?" कुणी सर्जा सांगे, कुणी म्हणे नावबिव काही ठेवलं नाही. मग बाबा स्वतःच एखादं नाव ठेवत, ते जनावराच्या कानात सांगत आणि बिस्मिल्ला म्हणून काम उरकत. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "बिननावाचं मारलं तर ती चोरी व्हती, मास्तर. नाव घिऊन मारलं तर निदान आपुन काय केलं त्ये आपल्याला ठावं ऱ्हातं."

मी भोरचा, भटाच्या घरातला. संस्थानच्या शाळेत मास्तर म्हणून माझी मार्गासनीला नेमणूक झाली तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो आणि स्वतःला भलताच रसिक समजत होतो. या मुलखात अक्षरशत्रू माणसं कवनं रचतात हे कळल्यावर मला पुस्तकाचं खूळ लागलं. सुट्टीच्या दिवशी वही घेऊन निघायचं, कवनकार गाठायचा, त्याचं कवन उतरून घ्यायचं आणि चार गोष्टी विचारायच्या. गुंजवणी नदीच्या वरच्या अंगाला एका धनगराकडे गेलो. त्याने सकाळपासून दुपारपर्यंत ओव्या सांगितल्या आणि कुणी रचल्या विचारल्यावर म्हणाला, "शेरडं चारताना सुचल्या. कुनाच्या म्हून काय इचारता?" महारवाड्यातल्या एका शाहिराने आधी मलाच प्रश्न केला, "हितं बसून लिवनार, का घरी जाऊन आंगुळ करून मंग लिवनार?" मी तिथेच बसून लिहिलं. आंघोळ मात्र घरी गेल्यावर केली, हेही सांगून टाकतो.

हुसेनबाबांना शोधत जावं लागलं नाही, ते मार्गासनीचेच. दर सोमवारी गावच्या देवळात भजन होई आणि बाबा बाहेर पायरीच्या कडेला बसलेले असत. आत त्यांचेच अभंग म्हणत. हे मला पुष्कळ दिवस ठाऊक नव्हतं. रामजी विणेकऱ्याचा आवाज पहाडी होता. तो बाबांचा अभंग लावायचा, टाळ धरले जायचे, आणि शेवटच्या कडव्याशी आलं की रामजी सरळ मागे फिरून धृपद घ्यायचा. शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव असतं. हा रिवाज सगळ्यांना ठाऊक. नाव हुसेन, म्हणून ते कडवं देवळात म्हणायचं नाही, असं कधीतरी ठरून गेलेलं होतं. बाबा दर सोमवारी ऐकायला येत आणि दर सोमवारी टाळ थांबेपर्यंत वाट बघत.

"तुम्ही मुसलमान, मग या देवाची कवनं कशी?" हा प्रश्न मी त्यांना विचारला. आज तो आठवला की कानकोंडं व्हायला होतं. बाबा हसले. म्हणाले, "म्या बकरं कापल्याबिगार तुमची देवी जेवत न्हाई. तिच्या घरचा आचारीच म्हना की. आचाऱ्यानं दोन शब्द बोलू न्हाईत व्हय?" मग आपणहून बोलले, "निमाजाला उबा ऱ्हातो तवा अल्ला माजं ऐकतो. कवन करतो तवा माजं मलाच ऐकाया येतं. दोन्ही लागतं, मास्तर." ईदेला आलेल्या एका मौलवींनी त्यांना कवनांबद्दल तोबा करायला सांगितलं होतं. बाबांनी तोबा केली, आणि परतताना ओढ्यापाशी नवा अभंग झाला. तो मला सांगताना त्यांचे डोळे चोरट्या पोरासारखे मिचमिचत होते.

त्यांचा एक अभंग मला सगळ्यांत आवडे. तो बकऱ्याचा होता. त्याची शेवटची दोन कडवी अशी:

सुरी माझ्या हाती । भय त्याच्या डोळा ।
मधे तू मोकळा । कुठे होता ॥
हुसेन विचारी । बसून पायाशी ।
नाव माझे घेशी । कधी देवा ॥

पुस्तक छापायची गोष्ट निघाली तेव्हा बाबांनी एकच अट घातली. "बाकी काय बी करा. शबुद सुदारा, मागंफुडं करा. शेवटचं कडवं तेवढं ऱ्हाऊ द्या. देवळात म्हनत न्हाईत, ठीक हाये. कागदाला काय सोवळं-ओवळं नसतं." मी हो म्हणालो. त्या वेळी ते मनापासून म्हणालो होतो.

छपाईचा भार भोरच्या एका वकिलांनी उचलला होता. त्यांनी हस्तलिखित चाळलं आणि बाबांच्या अभंगांवर बोट ठेवलं. "कवनं सुरेख आहेत. पण नाव काढा. दिवस कसले आहेत बघताय ना? पुस्तक शाळांतून लागायचं असेल तर वाद नको." मी वाद घातलाही, अर्धा तास. मग मनाशी म्हटलं, कवन जगलं म्हणजे झालं, नावात काय आहे. ज्याचं स्वतःचं नाव मुखपृष्ठावर येणार असतं त्याला असं म्हणणं फार सोपं जातं. मी सगळ्या अभंगांची शेवटची कडवी खोडली आणि वर 'मावळातील जुनी पदे' असा मथळा दिला.

पुस्तक आलं त्या दिवशी बाबा धुतलेलं धोतर नेसून आणि डोक्याला नवा पटका बांधून शाळेच्या ओट्यावर आले. मी बकऱ्याचा अभंग वाचून दाखवला. छापलेला संपला तिथे न थांबता शेवटचं कडवं पाठ होतं ते म्हटलं. बाबा डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी उजव्या हाताचं बोट पुढे केलं. "माजं नाव कुठं हाये? बोट ठिवा त्याच्यावर."

मी ते बोट धरलं आणि 'होता' या शब्दावर ठेवलं.

दुसरं काही सुचलं नाही. खरं सांगायला दोन शब्द पुरले असते. ते बोट खरखरीत होतं, नखात काळं रक्त सुकलेलं होतं आणि ते कागदावर टेकताना इतकं हलकं झालं की मला तोंड वर करवेना. बाबांनी एक प्रत मागून घेतली, पानाला खूण म्हणून काडी घातली आणि गेले.

पुढचे काही दिवस त्यांनी ते पान भेटेल त्याला दाखवलं. "ह्यो बगा म्या," म्हणून त्या शब्दावर बोट ठेवायचे. बहुतेकांना वाचता येत नव्हतं, तेव्हा सगळे मान डोलावत. शेवटी ते टपालवाल्याला दाखवलं. त्याने काय असेल ते वाचलं.

बाबा शाळेकडे फिरकेनात तेव्हा मी त्यांच्या घरी गेलो. ते सुरीला धार लावत होते. मी वकिलांचं सांगितलं, दिवसांचं सांगितलं, पुढच्या आवृत्तीत घालू म्हणालो. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग आवाज न चढवता म्हणाले, "नाव कापलंत त्येचं काय न्हाई. देवळात बी कापत्यात. पन तुमी माजं बोट धरलंत, मास्तर." आणि पुन्हा सुरीला धार लावू लागले.

त्यानंतर त्यांनी रचणं सोडलं. सोमवारी देवळाकडेही येईनासे झाले. महायुद्ध संपलं, बाहेरच्या हिंदू-मुसलमान दंगलींच्या बातम्या आमच्या खोऱ्यापर्यंत पोचू लागल्या. त्या साली नवसाचं बकरं कापायला वरवे गावाहून कुणी हिंदू खाटीक आणावा का, अशी बोलणी चावडीवर झाली. बाबांच्या कानावर ती गेलीच असणार. पावसाळ्यात त्यांना हिवतापाने धरलं आणि श्रावण सरता सरता त्यांच्या सुनेने मला बोलावणं पाठवलं. वही घेऊन या, असा निरोप होता.

घोंगडीखाली माणूस चिमूटभर उरला होता. म्हणाले, "एक झालंय. लिवा." अडखळत, थांबत त्यांनी अख्खा अभंग सांगितला. सगळ्यांत चांगला. शेवटच्या कडव्याशी ते थांबले, मी आपला हुसेन लिहायला टाक टेकवला, तेव्हा म्हणाले, "थांबा. तुमचं नाव घाला."

मी टाक खाली ठेवला. हे मी करणार नाही म्हणालो. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. बाबा थकलेल्या आवाजात म्हणाले, "माजं घातलं तर त्ये हितंच मोडत्यात. ह्यो तरी शेवटपातूर म्हनू द्या. मला पुरा ऐकायचा व्हता वो एकदा, त्ये ऱ्हाईलं. निदान पुरा म्हनतील तरी. लिवा."

मी लिहिलं.

वामन विनवी । दार नको लावू ।
बाहेर मी राहू । किती देवा ॥

वामन म्हणजे मी. मी कधी कुठल्या देवळाच्या बाहेर उभा राहिलो नव्हतो.

तिसऱ्या दिवशी बाबा गेले. पुढे काही महिन्यांनी मी तो अभंग रामजीला दिला आणि तो हुसेनबाबांचा आहे हे भजनी मंडळींसमोर स्पष्ट सांगितलं. माझं नाव त्यात का, तेही सांगितलं. रामजीने वही कपाळाला लावली. "मास्तर, मोटी मानसं अशीच आसत्यात," तो कौतुकाने म्हणाला, "सोताचं केल्यालं दुसऱ्याच्या पदरात टाकत्यात." मी पुन्हा सांगितलं, शपथ घेतली. माना डोलल्या. कुणी मला पाणी आणून दिलं.

मग रामजीने वीणा छातीशी धरली आणि तो अभंग लावला. मी आत, देवासमोर बसलो होतो. शेवटचं कडवं आलं तेव्हा कुणी मागे फिरलं नाही. सगळ्यांनी ते दोनदा म्हटलं.