मालक नसलेली गोळी

मी औषध कंपनीचा माणूस. बॅग घेऊन चंद्रपूर-गडचिरोलीतल्या डॉक्टरांच्या दाराशी ताटकळत वर चढलो, एरिया मॅनेजर झालो. एवढं घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पुढचं नाही.

माझा मोठा भाऊ धानोऱ्याच्या एसटीवर कंडक्टर होता. तिकिटं देताना त्याच्या गालात खर्रा असायचाच. तंबाखू-सुपारीचा तो घोटलेला चुरा आमच्याकडे पाहुण्यापुढे चहाच्याही आधी येतो. गालात गाठ झाली. नागपूरला अर्धा जबडा काढला, किरणांचे शेक दिले. गाठ मानेत परतली. तिथले डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा.

गडचिरोलीतल्या एका सरकारी डॉक्टरांना मात्र काहीतरी दिसलं होतं. भलत्याच आजारासाठी एक जुनी, मातीमोल गोळी घेणाऱ्या काही रुग्णांच्या तोंडातल्या गाठी वाढायच्या थांबल्या होत्या. "एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही," ते स्वतःच म्हणायचे. "निम्म्यांना गोळी देऊन, निम्म्यांना न देता नीट बघायला हवं." चाचणीशिवाय ते कुणालाही ती लिहून देत नव्हते. चाचणी सुरू झाली तर भावाला घेतो, एवढा शब्द मात्र त्यांनी दिला होता. सरकारकडे पाठवलेला प्रस्ताव या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता. तोच त्यांनी माझ्या हाती दिला. "तुमची कंपनी ही गोळी बनवते. बघा काही होतं का."

नागपूरच्या बैठकीत मोठ्या साहेबांनी आधी विचारलं, "पेटंट कुणाचं?"

"आता कुणाचंच नाही, सर."

"म्हणजे खर्च आपण करायचा, आणि सिद्ध झालं की गल्लीतला कुणीही विकणार. वर काय सांगू, पुण्य कमावलं?"

तरी ते घुटमळले. निदान नाव तरी झालं असतं. माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही तिकडचेच ना? हे लोक तपासणीला नेमानं येतील?"

येतील, म्हणायचं होतं. पण याच आजारावरच्या आमच्या नव्या इंजेक्शनचा विभाग कुणाला द्यायचा, तेही त्याच बैठकीत ठरणार होतं. ते पेटंटचं होतं आणि आमच्याकडच्या कुणालाही न परवडणारं. साहेबांना काय ऐकायचंय, ते मला कळत होतं. मी म्हणालो, "सर, आमची माणसं एका गालाला पट्टी असताना दुसऱ्या गालात खर्रा धरतात."

हशा पिकला. एकानं मला टाळी दिली. साहेबांनी कागद बाजूला सारले.

ते खोटं नव्हतं. वॉर्डात भावालाच मी तसं पाहिलं होतं.

विभाग मला मिळाला. मग सावली तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो. भाऊ खाटेवर, मानेला कापड गुंडाळलेलं. वहिनी म्हणाली, "रोज विचारून राह्यले, धाकटा काऊन नाई आला म्हणून."

एकेकाळी अख्ख्या गाडीला ऐकू जाणारा त्याचा आवाज आता लाळेत बुडाला होता. "गोळीचं का झालं बे?"

"भाऊ, तिच्यात दम नाई निघाला. कंपनीनं तपासलं."

तो म्हणाला, "बरं झालं. फुकट जीव अडकला होता तिच्यात. तू लय पळापळ केली माह्यासाठी."

दोन दिवसांनी डॉक्टर त्याला बघायला घरी आले. कंपनीनं काहीच तपासलं नाही, नुसता नकार दिला, हे त्यांना मी फोनवर सांगितलं होतं. भावानं त्यांचा हात धरला.

"साहेब, मनाले लावून घेऊ नका. गोळीतच दम नव्हता. माह्या भावानं तपासून आणलं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी वहिनीच्या हातातला कप घेऊन त्यांच्यापुढे केला. त्यांनी तो घेतला नाही.

"हो भाऊ," ते त्याला म्हणाले, "नव्हता दम."

निघताना त्यांनी माझ्याकडे न बघता मोटारसायकलला किक मारली. पुढे त्यांची बदली झाली. ती गोळी चालली असती का, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. अजून कुणी तपासलेली नाही.

भाऊ पंधरवड्यात गेला. आलेल्या-गेलेल्याला वहिनी आजही समाधानानं सांगते, "आमच्या घरी कशाची कसर नाई ठेवली. दिरानं कंपनीत जाऊन गोळीसुद्धा तपासून आणली." मी तिथं असलो, तर मान डोलावतो.